पांढऱ्या चित्रापुढची खुर्ची

किस्से जमवावे लागत नाहीत. मी आधी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होतो. तिथे रुईचे बारीक तंतू दिवसभर हवेत उडायचे. कोणी ते उचलून आढ्यावर नेऊन ठेवत नसे. तरी हंगाम संपेपर्यंत प्रत्येक आढ्यावर जाड थर बसलेला असायचा! माणूस एका जागी बसून राहिला की त्याच्यावर किस्सेही असेच येऊन बसतात. आणि बसून राहणं हे एकच काम मला आयुष्यात नीट जमलं.

त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. बोंडं किडायची, भाव पडायचा, खरेदी केंद्रापुढच्या गाड्यांच्या रांगा पार रस्त्यावर यायच्या, आणि एकेक जिनिंग बंद होत चाललं होतं. आमचंही झालं. मग ओळखीतल्या एकाने मला यवतमाळात, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या कलादालनात चिकटवून दिलं. दालन म्हणजे खोली, एवढं मला ठाऊक होतं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

पहिल्या दिवशी घरी आलो तर मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "काय काम हाय तिथं?"

मी सावकाश विचार करून सांगितलं, "लोकं चित्र पाहतात. मी लोकाईले पाहतो."

"अन् लोकं आलेच नाही तं?"

"मंग मी चित्र पाहतो."

"म्हंजे नुसतं पाहाचा पगार!" ती म्हणाली. "मी तं तुमाले इतके वर्ष फुकट पाहून राह्यली!"

* * *

दालन उभं राहिलं ते हरदास सरांमुळे. सर ड्रॉइंगचे मास्तर, तेव्हा रिटायर झालेले. वाचनालयाच्या समितीच्या मागे लागून लागून त्यांनी ती खोली मिळवली होती. समोरच्या मोठ्या भिंतीवर त्यांचं स्वतःचं चित्र होतं. दारापेक्षा उंच, दारापेक्षा रुंद, आणि पूर्ण पांढरं. खालच्या बाजूला एक पुसट आडवी रेघ, बाकी काही नाही. सर म्हणायचे की त्यात पांढऱ्याच्या पुष्कळ जाती आहेत. मला एकच दिसायची, पण मी मान हलवायचो. शिपायाने मान हलवली नाही तर कोण हलवणार?

एकदा दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आला. चित्रापुढे जाऊन जवळून पाहिलं, कडेला नख लावून पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "सर, प्रायमर झकास मारलं! आता चित्र कवा काढता?"

सर हसले. मग कोपऱ्यातल्या माठाकडे जाऊन पाणी प्यायले.

खालच्या वाचनालयातले क्लार्क वर आले. "सर, रंग संपला होता का?" सर हसले. माठाकडे गेले.

उन्हाळा असो की हिवाळा, सरांचं हे असंच. आज माठ किती रिकामा झाला, यावरून दालनात किती लोक येऊन गेले ते मला कळायचं!

एका संध्याकाळी सर माझ्याजवळ येऊन बसले. "काकाजी," ते म्हणाले (वयाने मी त्यांच्याहून लहानच असेन, पण मला सगळे काकाजी म्हणायचे; हळू बोलणारा माणूस म्हातारा धरतात), "मला कौतुक नको. आपल्या भागातला कोणीतरी एक माणूस, मी न सांगता, त्या चित्रापुढे एक चहा प्यायला लागतो तेवढा वेळ उभा राहावा. बस. एकच."

मी मान हलवली. या वेळी खरोखर समजलं होतं म्हणून.

पण तेवढ्यात वकीलसाहेबांचं निघालं. ते समितीचे अध्यक्ष. त्यांना त्या भिंतीवर कळंबच्या चिंतामणी गणपतीचं मोठं चित्र लावायचं होतं. ते सरांना म्हणाले, "सर, एवढी मोठी भिंत रिकामी कशाला ठेवायची?"

सर म्हणाले, "रिकामी नाही. तिथे चित्र आहे."

"तेच तर म्हणतो मी!" वकीलसाहेब म्हणाले.

शेवटी असं ठरलं, की पुढचं प्रदर्शन होईपर्यंत थांबायचं. तोपर्यंत ते चित्र कोणी पाहताना दिसलं तर राहील, नाहीतर उतरेल. आता मला चिंतामणीविषयी काय तक्रार असणार? मी स्वतः चतुर्थीला कळंबला जातो. आणि गणपतीपुढे उभं राहून 'हे काय आहे?' असं कोणी विचारत नाही, हा शिपायाला केवढा आराम! पण सरांचं ते पाणी पिणं मला बघवत नव्हतं.

* * *

पुढचं प्रदर्शन प्राजक्ताचं होतं. ती बाभुळगावची, सरांची विद्यार्थिनी, बडोद्याला शिकून आलेली. सर तिच्यावर लेकीसारखी माया करायचे आणि भांडायचेही तसेच. सरांचं मॉडर्न आणि तिचं पोस्टमॉडर्न. चहा आला की भांडण सुरू.

एकदा मी धीर करून विचारलं, "दोहीत फरक काय जी?"

सर म्हणाले, "मॉडर्नवाला एकेक गोष्ट काढून टाकत जातो काकाजी. शेवटी जे उरतं ते खरं. ते तुमच्यापुढे ठेवतो."

प्राजक्ता म्हणाली, "आणि आम्ही म्हणतो, खरं असं एक काही नसतंच. जो येतो तो आपलं आपल्यासोबत घेऊन येतो. त्याचं त्याने पाहावं."

"मग तू कशाला हवीस?" सर म्हणाले.

"दार उघडायला!"

"त्याला काकाजी आहेत!"

दालनाचं दार उघडणारा मीच, म्हणजे मी पोस्टमॉडर्न आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मंदाला सांगितलं.

ती म्हणाली, "डाक्टरले दाखवा."

* * *

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात काही नीट बसेना. म्हणून मी आपली एक खूण करून ठेवली. भिंतीवर असलं तर मॉडर्न, जमिनीवर असलं तर पोस्टमॉडर्न. सोपं!

प्राजक्ताचं सामान येणार होतं, त्या दिवसांत एका सकाळी दालन उघडलं तर कोपऱ्यात एक शिडी. पाय जमिनीवर, डोकं भिंतीला टेकलेलं, मधल्या पायरीला एक बादली लटकलेली, बादलीवर फडकं. मी बराच वेळ पाहत राहिलो. जमिनीवर आहे आणि भिंतीवरही आहे. म्हणजे दोन्ही! पोरगी हुशार आहे, मी मनात म्हटलं. सरांशी मिटवलेलं दिसतं.

मी शिडीभोवती दोरी बांधली. बादली पुसली. फडक्याला मात्र हात लावला नाही, त्याच्या घड्या बिघडल्या तर काय घ्या!

दुपारी कॉलेजमधल्या एक बाई आल्या. शिडीपुढे थांबून म्हणाल्या, "फार बोलकं आहे हो. चढायला शिडी आहे, पण वर नुसतं छत!" मी मान हलवली. मला वाटलं, आपल्यालाही आता थोडंथोडं समजायला लागलं.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला आणि सरळ दोरी ओलांडायला लागला.

"ए, हात नको लावू!" मी ओरडलो. मी आयुष्यात फार कमी वेळा ओरडलो आहे. "प्राजक्ताबाईले विचार आधी."

"माही शिडी न्याले मी बाईले काहून विचारू? पंखा दुरुस्त करून राह्यलो ना मी इथचा!"

"तुही कशावरून?"

"पाहा ना, बाजूले माहं नाव टाकलं हाय!"

मी वाकून पाहिलं. लाल रंगात नाव होतं खरं.

मी म्हणालो, "चित्रकार नाव टाकतेच!"

* * *

सरांसाठी आपण काहीतरी करावं असं मला फार वाटत होतं. डोकं नसलेल्या माणसाला असं वाटायला लागलं की फर्निचर हलतं. मी माझी खुर्ची उचलली आणि पांढऱ्या चित्रापुढे, दुरुस्त झालेल्या पंख्याखाली नेऊन ठेवली. मनात म्हटलं, वारा लागेल तर माणूस बसेल, बसेल तर पाहील.

माणसं बसली. रोज बसली. पण सगळी चित्राकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून! भिंतीकडे तोंड करून कोण बसतं? मग मी खुर्ची चित्राकडे वळवून खांबाला दोरीने बांधली. (शिडीची दोरी उरलीच होती.)

दुसऱ्या दिवशी दुपारी बसची वाट पाहणारा एक प्रवासी आला आणि चक्क चित्राकडे तोंड करून बसला. उठेचना. सर आले. मी खूण केली. सर चपला हातात घेऊन, पाय न वाजवता माझ्यापर्यंत आले आणि कानात म्हणाले, "किती वेळ झाला?"

"बराच झाला."

सरांचे डोळे भरून आले. आम्ही दोघं श्वास धरून उभे. वर पंखा फिरतो आहे, समोर पांढरं चित्र, आणि त्यापुढे आपल्या भागातला एक माणूस!

मग त्या माणसाची मान छातीवर पडली आणि तो घोरायला लागला.

सरांनी चपला खाली ठेवून पायात घातल्या. मग म्हणाले, "डोळे मिटूनही चित्र पाहता येतं, काकाजी."

आणि माठाकडे गेले.

* * *

प्राजक्ताचं प्रदर्शन म्हणजे कापूस. दालनाच्या मधोमध छातीपर्यंत उंच ढीग, वर एकच दिवा. नाव होतं 'अनाम', म्हणजे नाव नव्हतंच. खाली पाटी : हात लावू नये.

आता सांगा, आमच्या भागात कापसाचा ढीग ठेवायचा आणि हात लावू नये म्हणायचं! पहिला माणूस आला, त्याने सरळ कोपरापर्यंत हात आत घातला. वरवरचा कापूस कोणी खरा धरतच नाही. आतला काढून पाहायचा, ही सवयच आहे. चिमूटभर ओढला, दोन अंगठ्यांत धरून ताणला, उजेडात धरला.

"ओला हाय," तो म्हणाला.

दुसरा म्हणाला, "ओला नाही, धागा आखूड हाय."

तिसरा दोघांशी भांडला. त्या दिवशी दालनात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून झालं नसेल! आणि खरं सांगायचं तर सगळ्यात पहिला हात त्या माणसाचाही नव्हता. सकाळी दार उघडल्याबरोबर राखणदारानेच घातला होता. जिनिंगचा हात, तो काय पाटी वाचतो?

बायका आल्या त्यांनी ताणून पाहिला नाही. त्यांनी चिमूट घेतली, सरकी काढली आणि बोलता बोलता तळहातावर वात वळली. मी एका आजीबाईला म्हणालो, "बाई, हात लावू नये असं लिहिलं हाय."

"हात कुठं लावला बाप्पा?" ती म्हणाली. "वात केली!"

संध्याकाळी प्राजक्ता आली तेव्हा ढीग एका बाजूला खचला होता आणि खिडकीत वातींची रांग लागली होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. पोरगी खूप वेळ वातींकडे पाहत होती. मग म्हणाली, "काकाजी, ती पाटी काढून टाका."

सर म्हणाले, "मग आता हे काम तुझं की त्यांचं?"

"तेच तर, सर!" आणि ती हसली.

मला वाटलं, आता भांडण होईल. झालं नाही. सर आपल्या चित्रापाशी गेले, चष्मा वर करून अगदी जवळून त्यांनी ते पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे सगळंच जवळून पाहावं लागायचं.

"माझ्याला कोणी बोट लावलेलं नाही काकाजी," ते म्हणाले.

* * *

मग कोणीतरी बाभुळगावच्या बसमध्ये म्हणालं, की यवतमाळात वाचनालयाच्या वर कापूस घेऊन राह्यले, आणि तिथं रांगही नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बैलगाडी उभी. भरलेली. धोतर, पागोटं, हातात बैल हाकायची तुतारी असा एक म्हातारा जिना चढून वर आला. बाभुळगावच्या रस्त्यावरच्या तांड्यातले राठोड. त्यांनी ढीग पाहिला. टेबलामागे स्टुलावर बसलेला मी पाहिला. आता काय शंका राहिली?

"राम राम, भिया. केंद्र कवा उघडलं?"

"केंद्र नाही जी. प्रदर्शन हाय."

"बरं. भाव काय?"

"भाव नाही. नुसतं पाहाचं."

राठोडांनी समजून मान हलवली. "तिकडंही तसंच करतात," ते म्हणाले. "आधी नुसतं पाहतात, अन् मंग उद्या या म्हणतात."

मी माझ्या चालीने समजावत बसलो. राठोडांनी ऐकता ऐकता ढिगात हात घातला, चिमूट ओढली आणि त्यांचा चेहराच बदलला. "हा तं कवडी हाय! किडका, डागी! हा घेतला, अन् माहा दुधासारखा हाय तो नाही घेत?"

"बाबा, हा विकत नाही घेतला... म्हंजे घेतला, पण विकाले नाही. कला हाय ही."

"म्हंजे कापूस ठेवला. भाव नाही. लोकं येतात, पाहतात, घरी जातात?"

"हो."

राठोड खाली बसले आणि हसायला लागले. मीही हसलो. दोघांनाही थांबता येईना! मग मी त्यांना माठातलं पाणी दिलं. पिता पिता त्यांचं लक्ष समोर गेलं. "ते पांढरं काय हाय?"

मी घाईघाईने खुर्ची पुसली. "सरांचं चित्र हाय. पाहा ना! बसा ना इथं, वारा हाय—"

"मंग पाहीन. बैल उनात हायत."

आणि निघाले. दारातून परत वळून म्हणाले, "थांब जरा." खाली गेले, गाडीतला ओंजळभर कापूस घेऊन वर आले आणि ढिगाच्या डोक्यावर ठेवला.

"वर तरी चांगला राहू द्या. पाहणाऱ्याले बरं वाटते."

* * *

प्रदर्शन संपलं. ढीग गेला. वाती मंदाने नेल्या, त्या अजून पुरतात. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले.

त्या मधल्या दिवसांत वकीलसाहेब दोन माणसं घेऊन आले. "कोणी पाहिलं का काकाजी, ते चित्र?"

मला त्या झोपलेल्या प्रवाशाचं नाव घ्यायचं होतं. पण मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

चित्र उतरवलं. एक कोपरा मीच धरला होता. ते मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि त्यावर माझी स्वच्छ चादर टाकली. परत आलो तर भिंतीवर चित्राएवढा चौकोन. आजूबाजूची भिंत इतक्या वर्षांच्या धुळीने पिवळट झालेली, आणि चित्रामागची पहिल्या चुन्याची, पांढरीशुभ्र. खालच्या बाजूला ओलीची एक पुसट आडवी रेघ. वर चित्र टांगायचा जाड खिळा.

वकीलसाहेब म्हणाले, "मंगळवारी चिंतामणी येतो. सरांना तुम्हीच सांगा, तुमचं ते ऐकतात."

मी कसं सांगणार! माझं बोलणं असं, की मी आज सुरुवात केली तर मंगळवारचा गणपती विसर्जनाला निघेल.

आणि त्याच्या आतच सर आले. सांगून नाही, अचानक. ऑटोतून उतरले, डोळ्यांवर तो दवाखान्याचा हिरवट काळा चष्मा, भिंतीचा आधार घेत जिना चढून आले. मी खालून नुकताच चहा आणला होता, तो ग्लास हातात घेऊन उठून उभा राहिलो. सर खांबाजवळ येऊन थांबले, कारण दालनात कोणीतरी होतं.

राठोड होते. थोड्याच वेळापूर्वी ते गाडी न घेता आले होते. "ते पाहाचं राहिलं होतं," एवढंच मला म्हणाले होते, आणि सरळ त्या पांढऱ्या चौकोनापुढे जाऊन उभे राहिले होते. खुर्ची होती, बसले नाहीत. मी त्यांना सांगायला हवं होतं. पण इकडे सर आणि तिकडे राठोड, आणि मी मध्ये चहा धरून!

सरांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. एकेक घोट घेत, अजिबात घाई न करता, त्यांनी तो चहा संपवला. राठोड उभेच होते. दोन्ही हात मागे बांधलेले, मान थोडी तिरपी.

बऱ्याच वेळाने ते वळले. "कोणाचं हाय हे?"

"माझं," सर म्हणाले.

"मोठं हाय." राठोडांनी पुन्हा तिकडे पाहिलं आणि त्या खालच्या रेघेकडे बोट केलं. "अजून पेरलं नाही."

"नाही," सर म्हणाले.

"म्हणून चांगलं दिसते."

राम राम करून ते जिना उतरून गेले. सर तिथेच उभे होते. मी माठाकडे पाहिलं. सर माठाकडे गेले नाहीत.

मग मी त्यांना हात धरून खाली आणलं. ऑटोत बसता बसता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काकाजी," ते म्हणाले, "तो खिळा तेवढा काढून टाका. माझ्या चित्रात नव्हता तो."